कतरण, गोधडी आणि मजुरीचा हिशोब

महाडच्या बाजारपेठेत कापडाचा धंदा करणाऱ्या आम्हा लोकांच्या दुकानात ताग्यांची टोके, कटपीस आणि शेजारच्या टेलरकडची कतरण यांचा ढीग कायम असतो. वर्षानुवर्षे आम्ही तो किलोच्या भावाने चिंधीवाल्याला देत आलो. 22 जुलै 2021 च्या महापुरात दुकानात पाणी शिरले आणि तागे चिखलाने माखले. धुऊन वाळवले, पण डाग टाळून कापावे तर हाती तुकडेच येत. ते तुकडे गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे गेले, आणि या हुन्नराकडे आम्ही पहिल्यांदा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले.

सुरुवातीला आम्ही शहाणपणा केला. पुठ्ठ्याचा साचा करून सहा इंची चौकोन कापले, रंगांचा क्रम कागदावर काढला आणि पोलादपूरकडच्या एका मावशींना दिला. गोधडी आली ती फरशीसारखी. चूक कुठे नव्हती, पण नजरही कुठे थांबत नव्हती. शिवाय साच्याच्या हट्टापायी बरेच कापड पुन्हा कतरणीतच गेले. मावशी म्हणाल्या, "शेठ, तुकडा जसा हाय तसा द्या. पुढचा कुठला लावायचा ते मागचाच सांगतो."

त्यांची रीत अशी. खाली जुनी सुती साडी अंथरायची. मोठा तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकदमच शिवत पुढे जायचे. जागा उरली तर पट्टी, वाकडी उरली तर तिकोनी तुकडा. चार बोटे शिवून झाली की लांब धरून बघायचे. नक्षी आधी ठरत नाही, ती शिवताना सापडते.

मग दुसऱ्यांचे काम पाहून काय मिळते? उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. जंजिऱ्यामुळे हे नाव रायगडात कुणाला नवे नाही. तिकडच्या सिद्दींत मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांवर घडीचे तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. दुसरे उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या जीज बेंड वस्तीचे. गुलामांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील बायका शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. त्या भागात 1966 साली स्त्रियांची सहकारी संस्था निघाली. 1972 पासून तिला सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. त्या कामाची कतरण घरोघरी गेली. कॉर्डरॉय जाड, त्यात बारीक काम होत नाही, म्हणून रुंद पट्ट्या आणि मोठे तुकडे आले. 2002 मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत टांगल्या गेल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या.

आम्ही या दोन्हींचे फोटो मावशींना दाखवले. नक्कल करायला नव्हे. आपल्या गोधडीवर फुले लावून ती ‘कवंदी’ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. मावशींनी त्यातून एवढेच घेतले की गडद रंग एका बाजूला साचू द्यायला हरकत नाही.

धंदा करू पाहणाऱ्या बांधवांसाठी दोन गोष्टी. सुतीबरोबर सुतीच द्या. पॉपलीन, रुबिया चालते. पॉलिस्टर सुतीबरोबर आटत नाही आणि पहिल्या धुण्यात गोळा होतो. लाल कापड रात्रभर भिजवून रंग जातो का ते आधी पाहा. थर तीनच्या वर नकोत, आपल्या पावसात जाड गोधडी वाळत नाही, वास धरते.

आणि मजुरी. उर्दू शाळेत आम्ही ‘गुदडी का लाल’ हा वाक्प्रचार शिकलो, गुदडी शिवणारीचे नाव त्यात कुठेच नाही. पहिल्या गोधडीचे पैसे आम्ही नगावर ठरवले होते. मावशींनी किती दिवस घातले ते विचारले, आणि हिशोब मांडला तर शेतमजुरीच्या निम्मेही पडले नव्हते. शरम वाटली. फरक चुकता केला. आता त्या बसल्या तितके तास वहीत लिहिले जातात, त्यावर दोरा, किलोच्या भावाने कतरण, आणि मग आमचा नफा. भाव पानिपतच्या ब्लँकेटपेक्षा चढाच निघतो. गिऱ्हाईक कुरकुरते, तेव्हा आम्ही वही दाखवतो. काहीजण घेतात, काहीजण ब्लँकेट घेऊन जातात.

चौकोनांची ती पहिली गोधडी अजून दुकानातच आहे, गादीखाली.