चाळीत साथ आली तर

मुलांनो, ठाकूरद्वारच्या नाक्यावरून गिरगावातल्या एखाद्या वाडीत शिरलात, तर तुम्हांला जुन्या चाळी अजूनही दिसतील. लांब सज्जा, ओळीने खोल्या आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. समजा, अशा एका खोलीत सहा माणसे राहतात आणि त्यांतल्या एकाला साथीचा रोग झाला. त्याला वेगळे कोठे ठेवणार? मध्ये पडदा लावला, म्हणून रोग थोडाच थांबतो! अशा वेळी घराबाहेरची जागा लागते. तिला विलगीकरण केंद्र म्हणतात. 'क्वारंटाइन' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचे मूळ इटलीत आहे. तेथे 'क्वारंता' म्हणजे चाळीस. साथीच्या भीतीने परदेशी जहाजांना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवून ठेवत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. तुम्ही उर्दूत त्याला 'ताऊन' म्हणता. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. सरकारी माणसे घरे तपासून रोग्यांना नेऊ लागली. हेतू वाईट नव्हता, पण रीत वाईट होती. लोकांना कोणी नीट समजावून सांगितले नाही. भलत्याच अफवा उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये मुसलमान विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेऊ लागले, तेव्हा दंगल उसळली. लोक रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्याला औषध मिळत नाही आणि साथ कोठवर पोहोचली, हेही कळत नाही. पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. तेथे माणसे ओळखीची, भाषा ओळखीची. तेथे जायला लोक कमी घाबरत.

आर्थर रोडचे ते रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. २०२० साली मुंबईत कोरोना आला, तेव्हा पहिले रुग्ण तेथेच ठेवले गेले. रुग्ण वाढले, तशा शाळा आणि सभागृहेही केंद्रांसाठी घेतली गेली.

पण सभागृहात खाटा मांडल्या, की केंद्र तयार झाले असे नाही. ज्याचा रोग तपासणीत ठरला आहे आणि ज्याच्याबद्दल नुसता संशय आहे, अशा दोघांना एका खोलीत ठेवू नये. ठेवले, तर निरोगी माणूस तेथेच रोग घेतो आणि घरी घेऊन जातो! त्यांचे संडासही वेगळे हवेत. कोरोनासारखा रोग हवेतून पसरतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि खाटा लांब लांब हव्यात. स्त्रियांची सोय वेगळी हवी. घरच्यांना रोज निरोप गेला पाहिजे. ही शेवटची गोष्ट मला औषधाइतकीच मोठी वाटते.

धारावीत २०२० साली एप्रिल-मे महिन्यांत रमजान आला. तेथील केंद्रांत डॉक्टर होते, जेवण फुकट होते आणि रोजेदारांना वेळेवर जेवण, फळे व खजूर मिळत होते.

स्वाध्याय
१. १८९६ साली लोकांनी रुग्णालयावर हल्ला का केला असेल?
२. तुमच्या शाळेत केंद्र करायचे ठरले, तर कोणत्या खोल्या कोणाला द्याल? नकाशा काढून दाखवा.