दगडी कोळशाची राख : भिंतीला बिनधास्त, वावराला जपून



"पारसची राख उसाला चालते काय?" असे मेहकर भागातील सभासद विचारतात. हो किंवा नाही एवढ्यावर हे भागत नाही, म्हणून थोडी माहिती देत आहोत.

पारस (ता. बाळापूर, जि. अकोला) येथील औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. आपल्या देशातील दगडी कोळशात शेकडा ३० ते ४५ भाग राख निघते. त्यातली सुमारे ८० टक्के पिठासारखी बारीक असून धुराबरोबर उडते. तीच फ्लाय ॲश. धुराड्याआधी ती यंत्राने पकडतात. बाकीची जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. राख पाण्यात कालवून तलावात साठवली की उन्हाळ्यात उडते आणि बांध फुटला तर रानात शिरते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, तेव्हा हेच झाले.

मग तिचे करायचे काय? चुना व पाणी मिळाले की ही राख सिमेंटसारखी घट्ट होते. म्हणून पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के घालतात. विटा, रस्त्याचा भराव यांतही ती चालते. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी विटांत राख वापरण्याचा नियम केला, तो सुपीक माती वाचावी म्हणूनच. वीटभट्टीला गेलेला मातीचा वरचा थर आपल्या हयातीत परत येत नाही. तेव्हा घर, गोठा, विहीर बांधताना राखेच्या विटांची जरूर चौकशी करा.

वावराची गोष्ट मात्र वेगळी. या राखेत नत्र जवळजवळ नसते, सेंद्रिय कर्बही नगण्य. म्हणजे ती खत नव्हे. भारी जमीन थोडी भुसभुशीत होते हे खरे; पण राख बहुधा अल्कधर्मी असते. आपली काळी, चुनखडीची जमीन आधीच तशी. सामू आणखी वाढला की जस्त व लोह पिकाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात. शिवाय बोरॉन व जड धातूंचा धोका आहेच. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेतही शेतीत राख माती परीक्षणाच्या आधारे, मर्यादेतच वापरावी असे म्हटले आहे.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

१) माती आणि राख दोन्ही तपासल्याशिवाय ट्रॉली वावरात रिकामी करू नका, फुकट मिळाली तरी.

२) चोपण जमिनीत राख टाकूच नका.

३) तपासणीत योग्य ठरली तरी आधी दोन गुंठ्यांवर, शेणखत किंवा प्रेसमडसोबत वापरून एक हंगाम पाहा.

४) विहिरीजवळ, नाल्याकाठी ढीग लावू नका. ढीग ओला व झाकलेला ठेवा. हाताळताना नाकाला रुमाल बांधा.

५) कारखान्याच्या बॉयलरची बगॅसची राख निराळी. तिच्यात सिलिका व थोडे पालाश असते. दोन्ही एकच समजू नका.

मातीचा नमुना कसा घ्यावा हे गट ऑफिसात विचारावे. लागवडीआधी नमुना दिलात तर सल्ला वेळेवर देता येईल.

— ऊस विकास अधिकारी