शुक्र की एलईडीची बोट? फोटो पाठवण्याआधी एवढं बघा

जानेवारी २०२५ मध्ये रात्री नऊच्या सुमारास आपल्या ग्रुपवर केरीच्या किनाऱ्यावरून फोटो आला. "एलईडीवाले आलेत, तक्रार करा!" आम्हीपण तापलो. मागाहून कळलं, तो शुक्र होता. त्या दिवसांत तो साडेनऊच्या आसपास समुद्रात मावळायचा, खाली धुरकट हवेत तांबूस दिसायचा.

एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, तक्रार करायलाच हवी. पण एक चुकीचा फोटो गेला की पुढचा खरा फोटो कोण मानणार?

फोटो होडीतून काढू नका, होडी हलते आणि ठिपक्याची रेघ होते. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या काठाला मोबाईल घट्ट टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा. प्रो मोड असेल तर फोकस डोंगराच्या चित्रावर, आयएसओ ४००, शटर एक सेकंद. झूम नको, नुसता पांढरा गोळा येतो. पाण्याची कड आणि एखादा माड मात्र फोटोत यायलाच हवा.

मोबाईल न हलवता पाव तासाने दुसरा फोटो काढा. ग्रह असेल तर तो, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा, खाली उतरलेला असतो. बोटीचा दिवा पाण्यालगतच राहतो, सरकला तर आडवा.

दोन्ही फोटो, वेळ आणि जागा एकत्रच पाठवा. एकटा फोटो आम्ही पुढे धाडणार नाही.