शाळेतील सफ : सूरह अबसचा धडा



मक्केत एकदा प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांना सत्याचे आवाहन करीत होते. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्याच्या ओढीने तेथे आले. बोलण्यात खंड पडला, प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी उमटली आणि त्यांनी मुख वळविले. त्यावर सूरह अबस (८०) च्या प्रारंभीच्या आयती अवतरल्या. ओढीने आलेल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, ही जाणीव अल्लाहने आपल्या प्रिय प्रेषितांना करून दिली. विचार करा, अंध व्यक्तीला ती आठी दिसलीही नसेल. तरी तिची दखल घेतली गेली. पुढे प्रेषित (स.) मोहिमेवर जात, तेव्हा अनेकदा मदीनेची जबाबदारी याच सहाबींवर सोपवीत.

ज्ञानाने माणूस किती वर येतो, हे अता बिन अबी रबाह (रह.) यांच्या चरित्रातही दिसते. गुलामगिरीतून वर आलेला हा कृष्णवर्णीय विद्वान मक्केचा मुफ्ती झाला आणि खलीफा सुलैमान आपल्या मुलांसह त्यांच्यासमोर शिकावयास बसला. आपल्या वऱ्हाडात पापळच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख विद्येच्या बळावर देशाचे कृषिमंत्री झाले आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शिक्षणसंस्था उभारली.

आता आपल्या अचलपूर-परतवाड्याकडे पाहा. मशिदीत संत्राबागेतील मजूर आणि बागेचा मालक एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सकाळी मात्र एकाचे मूल नगरपरिषदेच्या शाळेत जाते, दुसऱ्याचे भारी फीच्या शाळेत. ही सफ कोणी मोडली?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी ठेवल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. म्हणजे आपल्या संस्थांवर हे कायदेशीर बंधन राहिले नाही. परंतु सूरह अबसने ही सूट दिली आहे काय? अल्पसंख्याक दर्जा समाजातील दुर्बलांच्या रक्षणासाठी आहे. त्याच्या आडून दुर्बलांनाच दार बंद झाले, तर तो दर्जा कोणासाठी?

सूरह शूरा (४२:३८) मध्ये परस्पर सल्लामसलतीने कारभार करणे हे श्रद्धावंतांचे लक्षण सांगितले आहे. शासकीय व नगरपरिषदेच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. ही आपल्या दाराशी आलेली शूराच होय. मजुरी बुडेल म्हणून बाप जात नाही, संकोचाने आई बोलत नाही. मग निर्णय दुसरेच घेतात.

म्हणून या महिन्यात तीन गोष्टी करा. आपल्या मुलाच्या शाळेची समिती कधी बसते, ते विचारा व बैठकीस जा. पात्र असलेल्या शेजाऱ्याला २५ टक्के जागांचा अर्ज भरण्यास साहाय्य करा. आणि आपण एखाद्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर गरिबाच्या मुलासाठी काही जागा स्वेच्छेने राखा.

अल्लाह तआला आपल्या मशिदीतील सफ शाळेपर्यंत नेण्याची आपणास सद्बुद्धी देवो. आमीन.