शेवाळ कच्चं खायचं, तर आधी खडक ओळखा



कालवं काढायला खडकावर जाणाऱ्या आपल्या बायका हल्ली एकच प्रश्न विचारतात. "हॉटेलवाले समुद्राचं शेवाळ कच्चं वाढतात म्हणे. मग आपल्या खडकावरचं का नाही चालणार?" चालेल. पण चार गोष्टी शिकूनच. आजचा पाठ त्यासाठीच.

कच्चं म्हणजे काय?
रॉ फूडवाले अन्न साधारण ४२ ते ४८ अंशांच्या वर तापू देत नाहीत. म्हणजे उकळी नाही, फोडणी नाही. चुलीवर बरेचसे जंतू मरतात, इथे चूलच नाही. म्हणून सगळी काळजी शेवाळ काढताना आणि धुतानाच घ्यायची. आणि पाण्यातून शेवाळात मुरलेले जड धातू तर धुऊनही जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. त्यामुळे जागा चुकली की पुढचं सगळं फुकट.

१. जागा आणि वेळ
नाला, नदीचं मुख, जेटी, बंदर, हॉटेलांचं सांडपाणी यांच्या जवळचं शेवाळ खाण्यासाठी घेऊ नका, मग ते कितीही हिरवंगार दिसो. भरतीचं स्वच्छ पाणी रोज ज्या खडकाला धुऊन जातं, तो खडक निवडा. पावसाळा संपल्यावर समुद्र निवळतो, तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत हे काम करावं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडक जास्त उघडा पडतो. तरी एकटं जाऊ नका. शेवाळाच्या खडकावर पाय कसा सटकतो ते आपल्याला सांगायला नको.

किनाऱ्यावर वाहून आलेला ढीग कधीही खायचा नाही. सडलेल्या अंड्यासारखा वास आला की ते खत, अन्न नव्हे.

२. कुठलं घ्यायचं?
नवशिक्यांनी एकच घ्यावं: उल्वा, म्हणजे पातळ, हिरवं, पानासारखं पसरलेलं शेवाळ. इंग्रजीत त्याला सी लेट्यूस म्हणतात. पान इतकं पातळ की बोटांवर धरलं तर बोटं दिसतात. काळपट, केसांसारखं चिकट दिसेल त्याला हात लावू नका. त्यातल्या काही जातींनी अंगाला आग होते.

तांबड्या फांद्यांचं ग्रासिलारिया कच्चं खाऊ नका. ग्वाम बेटावर १९९१ साली ते खाऊन १३ जण आजारी पडले, त्यातले ३ दगावले. तिथले लोक ते आधीपासून खात आले होते, तरीही असं घडलं. तपकिरी सारगासमही टाळा. त्याच कुळातल्या हिजिकी नावाच्या शेवाळात आर्सेनिक जास्त सापडल्यामुळे ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ साली ते न खाण्याचा सल्ला दिला.

३. काढायचं कसं?
ओरबाडू नका. कात्रीने वरचं पान कापा, बुडखा खडकाला राहू द्या. तो राहिला तर तिथेच पुन्हा फुटेल. एका खडकावरचं सगळं नेऊ नका, त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. काढलेलं शेवाळ ओल्या कापडात, टोपलीत, सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवलं की तासाभरात वास मारतं.

४. तीन पाणी
पहिलं पाणी स्वच्छ समुद्राचं. तिथेच झटकून वाळू पाडा. दुसरं पाणी घरी, पिण्याचं. एकेक पान उलगडून शिंपले, बारीक कुर्ल्या, झिंगे वेचा. ज्यांना कुर्ली-सुंगटांची अॅलर्जी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. तिसरं पाणीही पिण्याचंच, पण झटपट. गोड्या पाण्यात फार वेळ ठेवलं तर पान लिबलिबीत होतं. आम्ही पहिल्या वेळी दुसरं पाणी घाईत उरकलं आणि अख्खी कोशिंबीर दाताखाली कचकचली. सगळी टाकून द्यावी लागली.

मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्याने सगळे जंतू मरतात, असं समजू नका. धुतलेलं शेवाळ त्याच दिवशी संपवा.

५. कोशिंबीर (४ माणसांना)
धुतलेलं शेवाळ १ मूठ, बारीक चिरून. २ काकड्या, १ छोटा कांदा, १ हिरवी मिरची, ४ चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर. सगळं कालवून ठेवा. लिंबू किंवा भिजवलेल्या सोलांचं पाणी ताटात वाढतानाच घाला. आधी घातलं तर पाणी सुटतं आणि हिरवा रंग मळकट होतो. मीठ घालण्याआधी चव बघा, बहुधा लागणारच नाही.

६. वाळवण
उरलेलं शेवाळ सावलीत, वारा खेळेल अशा जागी जाळीवर पसरा. रस्त्याकडेला नको. चुरचुरीत झालं की चुरून कोरड्या बरणीत भरा. १ किलो ओल्याचं जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम भरतं. सुक्या खोबऱ्याच्या चटणीत चिमूटभर घाला.

सुकं म्हणजे निर्धोक, असं मात्र नाही. जपानमध्ये २०१७ साली शाळेच्या जेवणातल्या सुक्या नोरी शेवाळातून हजाराहून अधिक मुलांना नोरोव्हायरसची बाधा झाली. माल हाताळणाऱ्याच्या हातून तो विषाणू त्यात गेला होता. म्हणून साबणाने हात धुवा, आणि पोट बिघडलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये.

कुणी खाऊ नये?
थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि शेवाळातून ते सहज जास्त जाऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण शेवाळात के जीवनसत्त्व असतं. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना कच्चं देऊ नका.

शेवटचं एक. घरी खाणं वेगळं, विकणं वेगळं. विकायचं तर आधी प्रयोगशाळेतून तपासणी आणि एफएसएसएआयची नोंदणी हवीच. एका घरातलं पोट बिघडलं तर ते घर सोसेल. एका गिऱ्हाइकाचं बिघडलं तर आपल्या सगळ्या किनाऱ्याच्या मालावर बोट येईल. कुठला खडक स्वच्छ आणि कुठला घाण, हे शहरातल्या आचाऱ्याला कळत नाही, आपल्याला कळतं. तेच आपलं भांडवल आहे, ते जपून वापरू या.