आशय एक, रूपे अनेक : संगणकीय लेखनातील शैलीपत्रकाचा अभ्यास

आमच्या वसतिगृहासाठी एक मार्गदर्शिका आम्ही दरवर्षी सिद्ध करीत असतो. दिनचर्या, भोजनगृहाचे नियम, सुट्ट्या, पालकांच्या भेटीचे दिवस आणि विद्यार्थी आजारी पडल्यास करावयाची व्यवस्था, असा तिचा साधा आशय. काही वर्षांपूर्वीच्या प्रतीत एक वाक्य आम्ही तांबड्या अक्षरांत टंकित केले होते. सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यास ताप आल्यास सकाळची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, असे ते वाक्य होते. संगणकाच्या पडद्यावर ते ठळकपणे उठून दिसे. परंतु मार्गदर्शिकेच्या झेरॉक्स प्रती निघाल्या तेव्हा तांबडा रंग काळ्यात मिसळून गेला आणि ते वाक्य इतर चाळीस वाक्यांसारखेच एक झाले. एका रात्री बदलीवर आलेल्या अधीक्षकांनी ती प्रत चाळली. त्यांच्या नजरेतून नेमके तेच वाक्य सुटले. तापाने फणफणलेला मुलगा पहाटे रुग्णालयात पोहोचला. तो बरा होऊन परतला, हे आमचे सुदैव. दोष मात्र अधीक्षकांचा नव्हता. तो आमच्या लेखनपद्धतीचा होता. आम्ही वाक्याला रंग दिला होता, त्याचे महत्त्व कोठेच नोंदविले नव्हते. या अनुभवातून जो अभ्यास आम्हांस करावा लागला, तो विद्यार्थ्यांच्या व सहकारी शिक्षकांच्या उपयोगी पडावा, म्हणून या स्मरणिकेत सादर करीत आहोत.

शैलीपत्रक म्हणजे काय?

कोणत्याही लेखनात दोन गोष्टी असतात. एक, मजकुराचा प्रत्येक भाग कोणते कार्य करतो : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा इशारा, ही यादी. दुसरी, तो भाग कसा दिसतो : अक्षराचा आकार, जाडी, रंग, समास, दोन ओळींतील अंतर. पहिल्या गोष्टीस आपण आशयाची रचना म्हणू, दुसरीस रूप. शैलीपत्रक म्हणजे या दोहोंना जोडणारी नियमावली. ‘शीर्षक असेल तेथे अक्षर मोठे व जाड असावे’ हा नियम एकदाच लिहावयाचा आणि दस्तऐवजातील सर्व शीर्षकांना तो आपोआप लागू व्हावयाचा, एवढेच त्याचे मर्म आहे.

ही कल्पना संगणकापूर्वीची आहे. छापखान्यात हस्तलिखित पाठविताना संपादक त्यावर खुणा करीत असत. जुळारी त्या खुणा पाहून खिळे निवडीत असे. संगणकशास्त्रातील ‘मार्कअप’ ही संज्ञा याच खुणांवरून आली. १९६९ साली आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी अशा खुणांची एक भाषा घडविली. तिच्यातील खूण ‘हे अक्षर मोठे करा’ असे सांगत नसे. ‘हे शीर्षक आहे’ असे सांगे. पुढे त्यातूनच एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये संमत झाले. संकेतस्थळांच्या पानांसाठी हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये शैलीपत्रकाचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तो विकसित झाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘सीएसएस’ची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. आज यंत्रांच्या पुस्तिका, साहाय्यपुस्तके व नियमावल्या तयार करणारी मॅडकॅप फ्लेअर किंवा अ‍ॅडोबी रोबोहेल्प यांसारखी साधने याच सीएसएसवर चालतात. आपल्या शाळांत वापरले जाणारे, विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस रायटर हे साधनही ‘स्टाइल्स’ या नावाने हेच तत्त्व पाळते. त्यात एफ-११ ही कळ दाबली असता शैलींची यादी उघडते.

नाव कार्यावरून द्यावे

पहिला धडा नामकरणाचा आहे. नवशिका मनुष्य शैलीस ‘तांबडी अक्षरे’ किंवा ‘मोठी ठळक ओळ’ असे नाव देतो. उद्या तांबड्याऐवजी काळी चौकट करावयाची ठरली तर ‘तांबडी अक्षरे’ या नावाखाली काळी चौकट दिसू लागेल. म्हणून नाव दिसण्यावरून न देता कार्यावरून द्यावे : ‘इशारा’, ‘सूचना’, ‘उदाहरण’, ‘कृतीची पायरी’. शीर्षकांसाठी मात्र साधनात आधीपासून असलेल्या ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ याच शैली वापराव्यात. अनुक्रमणिका आपोआप तयार करताना संगणक त्यांचाच आधार घेतो.

दुसरा धडा वारशाचा. एक शैली दुसरीपासून गुण घेऊ शकते. मूळ परिच्छेदाच्या शैलीत अक्षराचा आकार ठरवावा. ‘सूचना’ तिच्यापासून घ्यावी व तीत फक्त समास बदलावा. ‘इशारा’ ही ‘सूचना’पासून घ्यावी व तीत फक्त चौकट वाढवावी. मूळ शैलीत आकार बदलला की तिन्ही ठिकाणी बदलतो. वेगळे असेल तेवढेच वेगळे सांगावे, बाकीचे मुळाकडून येऊ द्यावे.

हाताने केलेली सजावट

आता सर्वांत जास्त आढळणारी चूक पाहू. शैली लावून झाल्यावर एखादे शीर्षक लहान वाटते, म्हणून टंकलेखक ते निवडून हातानेच मोठे करतो. त्या क्षणी ते शीर्षक नियमावलीच्या अंशतः बाहेर जाते. संगणक सामान्य नियमापेक्षा त्या जागी दिलेल्या खास आज्ञेस अधिक मान देतो. पुढे शैलीपत्रकात शीर्षकाचा आकार बदलला, तर एकोणीस शीर्षके बदलतात आणि विसावे जागचे हलत नाही. मग ‘शैली काम करीत नाही’ अशी तक्रार होते. वास्तविक शैली काम करीत असते. आपणच तिच्या वाटेत उभे असतो. उपाय सोपा आहे. तो मजकूर निवडून ‘फॉरमॅट’ या यादीतील ‘क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग’ ही आज्ञा द्यावी. हाताने केलेली सजावट गळून पडते व शैली उरते. दुसरीकडून मजकूर आणतानाही तो सजावटीविना चिकटवावा. बदल हवा असेल तर तो शैलीतच करावा.

माध्यम बदलले की रूप बदलावे

आमच्या तांबड्या वाक्याचे उत्तर येथे मिळाले. १९९८ च्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने माध्यमानुसार निरनिराळे नियम देण्याची सोय केली : पडद्यासाठी एक, छपाईसाठी दुसरा. ‘इशारा’ हे कार्य एकच. पडद्यावर त्यास तांबडी पार्श्वभूमी, कागदावर जाड काळी चौकट आणि आरंभी ‘इशारा’ हा शब्द. यातून आम्ही एक नियम स्वतःसाठी केला : कोणताही महत्त्वाचा अर्थ केवळ रंगावर सोपवू नये. झेरॉक्स यंत्रास रंग दिसत नाही, तसेच काही माणसांना तांबडा व हिरवा यांतील भेद दिसत नाही.

याच न्यायाने दृष्टिहीन वाचकांचाही विचार करावा. एनव्हीडीए हे विनामूल्य साधन पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. संकेतस्थळाच्या पानावर केवळ एच ही कळ दाबून त्याच्या साहाय्याने एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाता येते. मात्र ते शीर्षक खरोखर शीर्षक म्हणून नोंदविलेले असले पाहिजे. नुसती ठळक केलेली ओळ डोळस वाचकास शीर्षक वाटते; ऐकून वाचणाऱ्यास ती शीर्षक म्हणून सापडतच नाही.

देवनागरीसाठी काही विशेष

इंग्रजी पुस्तकांतील नियम मराठीस जसेच्या तसे लावता येत नाहीत. रायटरमध्ये प्रत्येक शैलीत पाश्चात्त्य लिपीचा टंक व देवनागरीसारख्या जटिल लिपींचा टंक वेगवेगळे ठरवावे लागतात. अनेक जण पहिलाच बदलतात आणि मराठी अक्षरे हलत नाहीत म्हणून गोंधळतात. त्यासाठी आधी भाषांच्या पर्यायांत जटिल लिपींची सोय सुरू करून घ्यावी. देवनागरीत मात्रा, रफार वर जातात आणि उकार, ऋकार खाली येतात. म्हणून ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा थोडे अधिक ठेवावे. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते. तिरक्या अक्षरांची परंपरा आपल्या लिपीत नाही. तेथे ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्ह शोभते.

याहून मोठी अट युनिकोडची आहे. जुन्या टंकांत मराठी मजकूर आतून रोमन संकेतांतच साठविला जाई. टंक बदलला की अर्थहीन चिन्हे उरत. तेथे रूप काढले तर आशयच नाहीसा होई. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे आणि त्यात ‘क’ हा कोणत्याही टंकात ‘क’च राहतो. म्हणून शैलीपत्रकाचा लाभ घ्यावयाचा असेल तर जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि मग काळजीपूर्वक तपासावा. जोडाक्षरे रूपांतरात बिघडतात.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी पुढील कृती करून पाहावी. आपल्या वर्गाचे वेळापत्रक व नियम यांचा दोन पानांचा दस्तऐवज घ्यावा. कागदी प्रतीवर पेन्सिलीने प्रत्येक भागाचे कार्य लिहावे. कार्ये पाच-सहापेक्षा अधिक निघाली तर पुन्हा विचार करावा. मग तेवढ्याच शैली तयार करून लावाव्यात आणि हाताची सजावट पुसून टाकावी. शेवटी शैलीत एकच बदल करून सर्व ठिकाणी तो उतरतो का ते पाहावे, आणि त्या पानाची झेरॉक्स काढून महत्त्वाचे वाक्य अजूनही डोळ्यांत भरते का, हे ज्याने तो मजकूर पूर्वी वाचलेला नाही अशा मित्रास विचारावे. ही शेवटची परीक्षा टाळू नये.

आमची मार्गदर्शिका आता अशा रीतीने तयार होते. एकाच आशयातून भिंतीवरचा तक्ता, छापील पुस्तिका आणि पालकांच्या भ्रमणध्वनीवरचे पान अशी तीन रूपे निघतात. एका ठिकाणी दुरुस्ती केली की तिन्ही नव्याने काढता येतात, म्हणून जुना दूरध्वनी क्रमांक एखाद्या कोपऱ्यात शिल्लक राहत नाही. आजारपणाच्या पानावर त्या वाक्याभोवती जाड काळी चौकट आहे. रात्री मंद दिव्याच्या उजेडात, फिकट पडलेल्या झेरॉक्स प्रतीतही ती दिसते, हे आम्ही स्वतः पाहून घेतले आहे.