पाण्याखालून वर येण्याची विद्या

आटपाडीच्या विहिरीत सूर मारणारा मुलगा दम कोंडून तळ गाठतो व तसाच वर येतो. त्यास काही इजा होत नाही. मग मालवणनजीक तारकर्लीच्या समुद्रात नळकांडे पाठीस बांधून उतरणाऱ्यास 'दम कधीही कोंडू नये' असे का बजावतात?

विहिरीतील मुलाच्या छातीत वरचीच हवा असते. ती खाली दबते व वर येताच मूळ आकारास येते. पाणबुड्या मात्र खोलवरच, तेथील दाबाची हवा घेतो. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे भरलेला श्वास कोंडून तो वर आला, तर बॉईलच्या १६६२ सालच्या नियमाप्रमाणे ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते.

दाबमापक वरचेवर पाहणाऱ्याची हवा सहसा संपत नाही. संपलीच, तर जोडीदाराकडील जादा मुखनळी घ्यावी. तो दूर असेल तरच स्वतः वर यावे: मुखनळी तोंडातच, दृष्टी वर, एक हात उंच, व अखंड 'आऽ' असा ध्वनी. भयाने मनुष्य नकळत दम कोंडतो. म्हणून ही तालीम प्रथम उथळ पाण्यात आडवे पोहून घेतात.

एरवी मिनिटास सुमारे नऊ मीटर या बेताने यावे व पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, म्हणजे रक्तात मुरलेल्या नायट्रोजनाचे बुडबुडे होण्याचा धोका घटतो. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके हॉल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. त्यांचे प्रयोग शेळ्यांवर झाले होते, हे ऐकून आपल्या माणदेशी मुलांस मौज वाटेल.